रविवारी सकाळी पाहिलेलं घर

प्रश्न : ताई, नोकरीसाठी नव्या शहरात आले आहे. रविवारी सकाळी अकराला भाड्याचं एक घर पाहिलं. खोल्यांत छान उजेड, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. एजंट म्हणतो, आणखी दोघं मागे लागलेत, आजच टोकन द्या. माझं मन बसलंय. देऊन टाकू?

उत्तर : आज नको. ते ‘आणखी दोघं’ मला चांगले ठाऊक आहेत. आजवर नऊ घरं बदलली, दर वेळी ते माझ्या आधी येऊन गेलेले असायचे!

तुम्ही नोकरी करता. म्हणजे सकाळी अकराचा तो उजेड तुमच्या वाट्याला फक्त सुट्टीच्या दिवशी. एरवी तुम्ही घरात असणार रात्री. मग कामाच्या दिवशी रात्री नऊला जा, तेही बसथांब्यापासून चालत. रस्त्यावर दिवे आहेत का, खालच्या दुकानाचं शटर किती वाजता आपटतं, ते एजंट सांगणार नाही. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला असेल तर तिला हात लावून पाहा. दुपारभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. अशा खोलीत मी दोन उन्हाळे उशाशी ओला पंचा घेऊन काढलेत.

ताज्या रंगाचं मला कौतुक नाही. सगळं घर रंगवलं असेल तर ठीक, पण एखादाच कोपरा उजळ दिसला तर पलीकडे न्हाणीघर आहे का बघा. रंगाखाली ओल लपते, वास लपत नाही. भिंतीतलं कपाट उघडून नाक आत घाला. मोरीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. आमच्या एका घरात ते जाळीकडे न जाता थेट उंबरठ्याकडे यायचं, वर्षभर दाराशी चिंध्यांची वळकटी होती. पाण्याच्या जोराबद्दल मात्र एजंटला नाही, शेजारणीला विचारा.

टोकन द्यायचंच, तर घर ज्याच्या नावावर आहे त्याची कागदपत्रं पाहून, त्याच्याशी स्वतः बोलून आणि पावती घेऊन. व्यवहार मोडला तर पैसे परत मिळणार का, ते पावतीवरच लिहून घ्या. किल्ली हातात असली म्हणजे माणूस मालक ठरत नाही. करारात नोटिशीची मुदत आणि डिपॉझिटमधून कशाकशाचे पैसे कापणार, या दोन ओळी सावकाश वाचा. सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, अगदी खिळ्याच्या भोकांचासुद्धा, फोटो काढून घरमालकांना पाठवा, मीटरच्या आकड्यासकट. मी एकदा आळस केला आणि आधीच्या भाडेकरूच्या डागांचे पैसे भरले.

आणि हो, रात्री जाल तेव्हा टेप न्या, जिन्याचं वळण मोजा. चौथ्या घरी आमचं कपाट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं होतं. शेवटी त्याची दारं उतरवली, तेव्हा कुठे ते वर गेलं.