पांडा नाशिकला पोहोचला की नुसती चांदी उरते

मूळचे नाशिकचे, गेली नऊ वर्षं सिंगापूरमध्ये नोकरी करणारे एक वाचक लिहितात: ‘चार वर्षांत चीनच्या टांकसाळीची ६० पांडा नाणी आणि कोरियाची २० चिवू नाणी जमवली. मुलाच्या जन्मसालचा, २०१३ चा एक पांडा वेगळा मिळवला. म्हणजे ८१ औंस चांदी झाली. आता बचतीतले ३०,००० सिंगापूर डॉलर, म्हणजे जवळपास निम्मी बचत, याच नाण्यांत घालायचा विचार आहे. तीन वर्षांनी नाशिकला परतायचंय. बायको विचारते, हे सगळं विकणार कुठे? तुमचं काय मत?’

तुमच्या पत्नीचा प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर सापडेपर्यंत ३०,००० डॉलरला हात लावू नका.

आधी तुमच्याजवळ नेमकं किती आहे ते पाहू. पांडा २०१५ पर्यंत एका ट्रॉय औंसाचा, म्हणजे ३१.१ ग्रॅमचा होता. २०१६ पासून तो ३० ग्रॅमचा झाला. व्यास तोच ४० मिलिमीटर राहिला, त्यामुळे हातात घेऊन फरक कळत नाही. तुमचे साठही पांडा गेल्या चार वर्षांतले, म्हणजे ३० ग्रॅमचे. तुमची चांदी ८१ औंस भरत नाही, साधारण २ किलो ४५३ ग्रॅम भरते. ६६ ग्रॅमचा, म्हणजे दोन पांडांहून जास्त वजनाचा फरक पडला. दुकानाच्या यादीत पांडाची किंमत औंसाच्या नाण्याशेजारी लिहिलेली असते आणि आपण सरळ तुलना करतो. यापुढे ग्रॅमचा भाव काढल्याशिवाय घेऊ नका.

या नाण्यांचं वेड मला कळतं. पांडाचं चित्र दरवर्षी बदलतं. २००२ साली २००१ चंच चित्र ठेवलं, तेव्हा संग्राहकांनी एवढी नाराजी दाखवली की पुढच्या वर्षापासून पुन्हा नवं चित्र येऊ लागलं. कोरियाच्या टांकसाळीने २०१६ पासून काढलेल्या चिवूवर दंतकथेतला योद्धा राजा आहे, तोही दरवर्षी नव्या रूपात. ओळीने लावली की नजर हटत नाही, हे खरं. पण चिवू हे कायदेशीर चलन नाही, ते पदक आहे. आणि नव्या पांडाला दुर्मीळ समजू नका. २०१७ पासून चांदीच्या पांडाची वार्षिक मर्यादा १ कोटी नाण्यांची होती. जुन्या, कमी संख्येच्या सालांना जो भाव मिळतो, तो या सालांनाही मिळेल असं धरून संसाराचा पैसा गुंतवता येत नाही.

आता खरेदी-विक्रीतला फरक. समजा नाण्यातल्या चांदीची किंमत १०० आहे, तुम्ही नाणं १२५ ला घेतलं आणि दुकानदार ते १०२ ला परत घेतो. म्हणजे १०२ चे १२५ व्हायलाच सुमारे साडेबावीस टक्के वाढ हवी, नफा त्याच्या पुढे. किलोची लगड १०८ ला घेऊन ९९ ला विकली तर नऊ टक्क्यांतच मुद्दल सुटतं. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या दुकानात आजच जा, खरेदीचा आणि परत घेण्याचा असे दोन्ही भाव एकाच वेळी विचारा, आणि तुमचे स्वतःचे आकडे मांडा.

सिंगापूरमध्ये एक सोय मात्र मोठी आहे. १ ऑक्टोबर २०१२ पासून तिथे गुंतवणुकीच्या मौल्यवान धातूंवर जीएसटी नाही. चांदी ९९.९ टक्के शुद्ध हवी आणि नाणं सरकारी यादीत हवं. यादीबाहेरच्या नाण्यावर ९ टक्के कर पडतो, तेव्हा प्रत्येक जातीच्या नाण्याचं बिल तपासा. ब्रिटनमध्ये हीच चांदी घेताना २० टक्के व्हॅट भरावा लागतो. तुम्ही चांगल्या बाजारात बसला आहात. म्हणूनच विकायचीही तिथेच.

कारण नाशिकच्या सराफ बाजारात पांडाला पांडा म्हणून गिऱ्हाईक नाही. माझ्या एका अशिलाने परदेशातून आणलेली नाणी इथे विकायला काढली, तेव्हा सराफाने ती डब्यातून काढून एकत्र तोलली, घट धरली आणि मोडीचा भाव सांगितला. मला वाईट वाटलं, पण सराफाचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्याला ती पुढे आटवायचीच होती. त्याआधी विमानतळावर सीमाशुल्कही भरलेलं असतं. दागिन्यांखेरीज कुठल्याही रूपातली चांदी सामानाच्या मोफत सवलतीत बसत नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात चांदीवरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. तुम्ही परताल तेव्हाचा दर तेव्हा पाहावा लागेल.

म्हणून माझा सल्ला असा. बचतीच्या नाण्यांपैकी मनापासून आवडलेली दहा-बारा ठेवा. बाकीची परतण्यापूर्वीच्या वर्षभरात, भाव बरा असेल तेव्हा, टप्प्याटप्प्याने सिंगापूरमध्येच विका. तिथे भांडवली नफ्यावर कर नाही. पंधरा पांडांचं टांकसाळीतून आलेलं प्लॅस्टिकचं बंद पान असेल तर फोडू नका. नकली पांडा बरेच फिरतात, त्यामुळे बंद पान आणि बिल दोन्ही असलं की घेणारा खळखळ करत नाही. विक्री लांबलीच, तर इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे परतल्यावर सुरुवातीचा काही काळ तुम्ही करसल्लागार ज्याला आरएनओआर (रहिवासी, पण ‘सामान्य रहिवासी’ नाही) म्हणतात त्या वर्गात असाल. त्या काळात तिथे विकून पैसे तिथल्याच खात्यात घेतले, तर त्या नफ्यावर भारतात कर लागत नाही. तो काळ संपला की परदेशात ठेवलेली चांदी विवरणपत्रात दाखवणं बंधनकारक होतं. ते विसरू नका, दंड जबर आहे.

आणि ते ३०,००० डॉलर? मुलगा बारा-तेरा वर्षांचा आहे. पाच वर्षांत कॉलेजची फी दारात उभी राहील. चांदी १९८० मध्ये औंसाला ५० अमेरिकी डॉलरच्या आसपास पोहोचली, पुन्हा तिथे जायला २०११ उजाडलं. मग मार्च २०२० मध्ये ती १२ डॉलरच्याही खाली होती आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने ५० ओलांडले. फीची तारीख अशा पडत्या वर्षात आली तर काय कराल? चांदी हवीच असेल तर आधीच्या नाण्यांसह एकूण बचतीच्या पाच ते सात टक्क्यांत बसवा, आणि नवी भर परतल्यावर सिल्व्हर ईटीएफमधून, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणाऱ्या चांदीच्या फंडातून घाला. भारतात ते २०२२ पासून आहेत, विकायला सराफाकडे जावं लागत नाही. फीचे पैसे मुदत ठेवीत राहू द्या.

छंद सोडू नका. दरवर्षी नव्या चित्राचा एक पांडा आणि एक चिवू घ्या, तो खर्च सहलीच्या खर्चासारखा धरा. आणि २०१३ चा तो पांडा कुठल्याच हिशोबात घेऊ नका. तो पुऱ्या औंसाचा आहे. येताना त्याचं बिल हाताशी ठेवा, विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेतून या, शुल्क भरा आणि घरी आल्यावर मुलाच्या हातात द्या.