लिव्हरच्या पॅकेजआधी विम्याचा फॉर्म बघा

प्रश्न : वय 44. गेल्या वर्षी वजन कमी करण्यासाठी जठर लहान करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. त्यावेळच्या बायोप्सीत फॅटी लिव्हर आणि दुसऱ्या टप्प्याचा फायब्रोसिस (लिव्हरवरचे व्रण) निघाला. आता रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स एएसटी 30, एएलटी 25, प्लेटलेट 2 लाख 20 हजार. पाच वर्षांच्या ‘लिव्हर केअर’ पॅकेजसाठी दीड महिन्याचा पगार एकरकमी भरू का? जुना आरोग्य विमा पुढच्या महिन्यात संपतोय. त्याऐवजी बचतही होणारी नवी पॉलिसी घेतली आहे. ‘वजन उतरलंय, ऑपरेशनचं लिहू नका,’ असं एजंट म्हणाला.

उत्तर : पॅकेज नको. त्यातल्या ‘डिटॉक्स’ गोळ्यांनी लिव्हरवरचे व्रण भरत नाहीत. तपासण्या मात्र हव्यातच, आणि त्या लागतील तशा पैसे भरून करता येतात. तुमचा फिब-4, म्हणजे वय आणि रक्ततपासणीवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, काढला : 44 गुणिले 30, भागिले 220 आणि 25 चं वर्गमूळ. उत्तर 1.2, म्हणजे 1.3 च्या खाली, कमी धोक्याच्या गटात. चांगलं आहे, पण बायोप्सीत फायब्रोसिस दिसलेला असताना या आकड्यावर निर्धास्त राहू नका. एएलटी नॉर्मल असूनही फायब्रोसिस असू शकतो. चरबी लवकर उतरते, व्रण भरायला वर्षं लागतात. फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारा स्कॅन) कधी करायचा ते डॉक्टरांना विचारा, मद्य पूर्ण बंद ठेवा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. फॉर्मवर शस्त्रक्रिया लपवलीत, तिथेच या पॉलिसीचा पाया ढासळला. उद्या लिव्हरसाठी क्लेम केलात की कंपनी जुने कागद मागवणार, आणि बायोप्सीचा रिपोर्ट त्यातच असणार. तेव्हा एजंट समोर नसेल, सही तुमची असेल.

बचतीचं म्हणाल तर 15 वर्षं दरवर्षी 1 रुपया भरायचा आणि शेवटी 24 रुपये मिळवायचे, असा हिशेब. ‘60 टक्के फायदा’ ऐकायला छान वाटतो. वर्षाला तो पावणेसहा टक्क्यांच्या आसपास पडतो. यात ना धड विमा, ना धड गुंतवणूक. अशी पॉलिसी तुमच्यासारख्या पेशंटच्या गळ्यात मारणाऱ्यांचा मला राग येतो.

जुन्या विम्याचा हप्ता याच आठवड्यात भरा. तो एकदा तुटला तर या बायोप्सीनंतर तसा विमा पुन्हा मिळेलच असं नाही. मग नव्या कंपनीला शस्त्रक्रिया आणि बायोप्सी लेखी कळवा, पोच घ्या. पॉलिसी परत करण्याची मुदत उरली असेल तर परतच करा. पॅकेजचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. स्कॅन, रक्ततपासण्या आणि शस्त्रक्रियेमुळे आयुष्यभर घ्यावी लागणारी व्हिटॅमिनं त्यातून भागवा.