आधी पाटल्या, की आधी कार्ड?

श्रीवर्धन तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, पुढच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या आणि खानावळ त्यांच्याच हातची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरावरचे पत्रे उडाले, वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या आडव्या झाल्या. कर्जाची सुरुवात तिथून झाली आणि मग एक मिटवायला दुसरं असं चालूच राहिलं. यजमान खासगी गाडीवर ड्रायव्हर आहेत. पगार १४,००० आणि घर त्यावरच चालतं. यंदाचा मे आटोपला तेव्हा ताईंच्या हातात १,१५,००० रुपये उरले. त्या विचारतात, “गौरी-गणपतीच्या आधी पाटल्या आणि मोहनमाळ सोडवून आणू का? पाचेक हजार कमी पडतात, ते कुणाकडून तरी घेईन. दर महिन्याला १३,२५० रुपये भरते, पण कर्ज हलतच नाही. आता भरायची उमेदच राहिली नाही.”

ताई, तुम्ही आकडे नीट कळवलेत, त्याबद्दल आधी शाबासकी. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना आपलं एकूण देणं किती हे सांगता येत नाही, कारण बेरीज करायचीच भीती वाटते. तुमची बेरीज अशी: क्रेडिट कार्ड ७२,०००. पर्सनल लोन १,८६,०००, व्याज १५ टक्के, हप्ता ६,४५०, अजून तीन वर्षं. बँकेतलं सोनेतारण १,२०,०००, व्याज १० टक्के. डीप फ्रीजरचे २,२०० चे चार हप्ते. नणंदेकडून हातउसने घेतलेले ३०,०००. सगळे मिळून ४,१६,८००.

आता कर्ज हलत का नाही ते पाहू. कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. ऐकायला साडेतीन, पण वर्षाचे बेचाळीस होतात. ७२,००० वर महिन्याचं व्याज २,५२० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९७० च्या आसपास. तुम्ही ‘किमान देय रक्कम’ म्हणून ३,६०० भरता. मुद्दलात जातात जेमतेम ६३०. आणि त्याच महिन्यात खानावळीचा दीड-दोन हजारांचा किराणा त्याच कार्डावर घेता. म्हणजे एका हाताने ६३० कमी करायचे आणि दुसऱ्या हाताने दोन हजार वाढवायचे. शिवाय जुनी बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तांदळाची गोणी दुकानातून घरी पोचते त्या दिवसापासून तिला व्याज लागतं. तुमची उमेद कमी पडली असं मला वाटत नाही. भोक असलेल्या कळशीने पाणी भरून कुणीही दमेल.

याउलट १,२०,००० च्या सोनेतारणाला महिन्याला व्याज १,०००. कर्ज मोठं, पण कार्डाच्या एक तृतीयांश खर्चात ते उभं आहे. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: पाटल्या आत्ता नाही. आधी कार्ड, पूर्ण ७२,०००, एकरकमी.

उरले ४३,०००. या पैशांना हात लावू नका, कारण पावसाळा दारात आहे. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या, खानावळीत शनिवार-रविवारी गेली तर चार ताटं. या चार महिन्यांचे पर्सनल लोनचे हप्ते २५,८००, फ्रीजरचे ८,८००, सोन्याचं व्याज ४,०००. एकूण ३८,६००. उरतात ४,४००, त्यात गणपती. मखर घरचंच करा. आरतीला येणाऱ्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवली तरी कोकणात कुणी नाव ठेवत नाही. ठेवलंच तर ते तुमचे हप्ते भरायला येणार नाहीत.

समजा तुम्ही ठरवल्याप्रमाणे सगळे पैसे घालून दागिने सोडवले. दागिने अंगावर येतील, गौरी जेवतील, नणंद आली की तिच्यासमोर मान ताठ राहील. त्याची किंमत मला कळते. पण जुलैचा हप्ता कुठून भरणार? कार्डावरून पैसे काढून. मग ऑक्टोबर उजाडायच्या आत पाटल्या परत बँकेच्या काउंटरवर. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. आमच्या घरातही वेगळं नव्हतं. आईची बिल्वरं एका पतपेढीत होती. वडील दरवर्षी व्याज भरायचे आणि रिन्यू करून यायचे. १४ टक्के व्याज, नऊ वर्षं. बिल्वरं घरी आली तेव्हा मुद्दलापेक्षा व्याज जास्त गेलेलं होतं, आणि आईच्या मनगटात ती चढेनाशी झाली होती.

म्हणून ‘आत्ता नाही’ म्हणालो, तरी पाटल्या कधी, याची तारीख आजच ठरवायला हवी.

सप्टेंबरात फ्रीजरचे हप्ते संपतील. कार्डाचे ३,६०० आणि फ्रीजरचे २,२०० मिळून ५,८०० महिन्याला मोकळे होतात. ऑक्टोबरपासून ते सोनेतारणाच्या मुद्दलात भरा. मार्चपर्यंत सहा महिन्यांचे ३४,८००. गेल्या वर्षी दिवाळी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा मिळून चाळीसेक हजार सुटले असं तुम्ही लिहिलं आहे. यंदाही तसं झालं तर त्यातले ३५,००० इथेच घाला. पाच हजार घरात ठेवा, मुलांना घेऊन कुठेतरी जाऊन या. सतत चिमटा काढत काढत कर्ज फिटत नाही, मध्येच माणूस वैतागून उधळतो. गुढीपाडव्याच्या सुमारास सोन्याचं कर्ज सत्तर हजारांनी उतरलेलं असेल.

इथे एक जाणकार वाचक मला अडवेल. कार्डानंतर सगळ्यात महाग कर्ज पर्सनल लोन, १५ टक्के. मग आधी ते का नाही? हिशेबाने तो बरोबर आहे. ७०,००० इकडे भरले की तिकडे, यात वर्षाला फार तर साडेतीन हजारांचा फरक. पण ठरावीक व्याजदराच्या पर्सनल लोनमध्ये मुदतीआधी पैसे भरायला बऱ्याचदा आकार लागतो, त्यात निम्मा फायदा जातो. तो हप्ता ठरल्या दिवशी आपोआप संपणार आहे. सोन्याचं तसं नाही. ते थकलं तर लिलावाची नोटीस येते. आणि खरं कारण म्हणजे पर्सनल लोन कमी झालेलं डोळ्यांना दिसत नाही. पाटल्या दिसतात. साडेतीन हजारांत पुढची दोन वर्षं टिकेल एवढी उमेद मिळत असेल तर मी ती विकत घेईन.

तुमच्या दिराने मुंबईहून सुचवलेला मार्ग, सगळ्याचं मिळून एकच नवीन मोठं कर्ज, तो नको. दोन वर्षांपूर्वी तेच केलंत ना? तेच आजचं पर्सनल लोन. कार्ड मोकळं झालं आणि पुन्हा भरलं.

कार्ड फेडताना एक करा. बिलावरचा आकडा बघून पैसे भरू नका. कस्टमर केअरला फोन करून आजच्या तारखेला खातं पूर्ण मिटवायला किती लागतील ते विचारा. बिल निघाल्यापासूनचं व्याज रोज चढत असतं, त्याचं शेपूट पुढच्या महिन्यात येतं आणि लोक बिथरतात. त्यापायी हजार-दीड हजार जादा लागले तर गणपतीच्या पैशांतून घ्या. बाकी शून्य झाली की कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे काही बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे. कार्ड ठेवलं तर सिबिल स्कोअरला बरं असं कुणी सांगेल. सांगू दे. तुमच्या घरात आत्ता ते नसलेलंच बरं. किराणा रोखीने, नाहीतर दुकानदाराच्या वहीवर. तो निदान महिनाअखेरीला तोंडावर मागतो.

पावसाळ्यातल्या चार महिन्यांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण उमेद तिथेच जाते. कार्ड फिटल्याचा आनंद आठवडाभर टिकेल. मग जुलै येईल, धो धो पाऊस, एकही बुकिंग नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या तुम्ही दरवर्षी बघता. त्या काळात होडी काही कमवत नाही, आणि कुणी तिला बुडाली म्हणत नाही. तुमचं काम एवढंच की नवीन रुपयाचं कर्ज करायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडता ना, त्याच्याच शेजारी एक तारखेला एकूण देणं लिहा. जूनमध्ये कार्ड फेडल्या दिवशी तिथे ४,१६,८०० चे ३,४४,८०० होतील. पुढे हप्त्यांनी दरमहा सहाएक हजार उतरत राहतील. हळू, पण खालीच. यजमानांनाही तो आकडा येता-जाता दिसू दे. अर्धं ओझं एकटीने उचलल्याचंच असतं.

नणंदेचे ३०,००० बिनव्याजी आहेत, म्हणून ते सगळ्यांत शेवटी, पुढच्या मे महिन्यात. पण ते आजच फोन करून त्यांना सांगा. गौरीला त्या माहेरी आल्या की विषय निघेल म्हणून तुम्ही आत्तापासून धास्तावल्या आहात, हे पत्रात दोनदा आलं आहे. तारीख कळली की माणसाचं मागणं थांबतं.

आणि नोव्हेंबरात सोनेतारणाची मुदत संपेल. व्याज भरून रिन्यू करायला जाल, तेव्हा साहेबांना म्हणावं, पाटल्या आणि मोहनमाळ एकाच खात्यावर नकोत. पाटल्यांवर ७०,००० पर्यंतचं एक खातं, उरलेलं मोहनमाळेवर. ऑक्टोबरपासून भरलेलं पाटल्यांच्या खात्यातून वजा करायला लावा. एकच खातं असलं तर शेवटचा रुपया फिटेपर्यंत काहीच हातात येत नाही. दोन असली की पाडव्याला पाटल्या घरी. दोन्हींचं वजन तुमच्या समोर करून घ्या, आणि ते पावतीवर वेगवेगळं लिहिलेलं बघूनच सही करा.