कायदा आणि आपण : जागेच्या व्यवहारात वकील कधी आणि कसा नेमावा?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात तीन भावांच्या नावावर असलेले वडिलोपार्जित घर आम्ही विकत घेणार आहोत. मिळकत पत्रिकेवर तिघांचीच नावे आहेत. एजंट म्हणतात की विक्रेत्यांचे वकीलच सगळे कागद करतील, वेगळा खर्च कशाला? आम्ही काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला वकील वेगळाच नेमावा आणि इसार (सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी नेमावा. विक्रेत्यांचे वकील कितीही सज्जन असले, तरी त्यांची बांधिलकी विक्रेत्यांशी असते. शिवाय एकदा इसारपावती झाली आणि पैसे गेले की, वकिलाने दाखवलेला दोष दुरुस्त करून घेण्याची आपली ताकद निम्मी होते.

वकिलाकडे केवळ कागदांची पिशवी देऊन येऊ नका. घराण्याची हकीकत सांगा. या भावांना बहिणी आहेत का, हा आपल्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मिळकत पत्रिका किंवा सातबारा यांवरील नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, आणि वारसनोंदीच्या वेळी मुलींची नावे वगळली गेल्याची उदाहरणे गावोगावी आढळतात. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. त्यामुळे बहिणी असल्यास त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले आहे का, हे वकिलांना तपासायला सांगा. नसेल तर त्यांनाही खरेदीखतात सह्यांसाठी घ्यावे लागेल. जे नाव कोणत्याच कागदावर नाही, ते वकिलांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

कामाची व्याप्ती आणि फी सुरुवातीलाच लेखी ठरवा : दुय्यम निबंधक कार्यालयात (जिथे खरेदीखते नोंदली जातात) या घराच्या मागील 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस, इसार व खरेदीखताचे मसुदे, नोंदणीच्या दिवशीची उपस्थिती. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च फीपासून वेगळा मांडून घ्या. निबंधकांकडील शोधात न्यायालयात चालू असलेले दावे दिसतीलच असे नाही. म्हणून विक्रेत्यांच्या नावांनी दिवाणी न्यायालयातील प्रकरणेही पाहायला सांगा.

शोध अहवाल हाती आल्यावर केवळ शेवटची ओळ वाचून समाधान मानू नका. ‘दाखवलेल्या कागदपत्रांच्या आधारे’ किंवा ‘अमुक बाबीच्या अधीन राहून’ असे शब्द जिथे असतील, तिथे थांबून, कोणता कागद पाहायला मिळाला नाही आणि तो कोणी, कधीपर्यंत आणायचा, हे वकिलांना विचारा. तो कागद येईपर्यंत इसाराची तारीख पुढे ढकलावी.