वाचकांचे प्रश्न : ज्यू मुलांची प्राथमिक शाळा आणि तिच्याभोवतीचा समाज

मागील अंकात कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, समाजाविषयी आम्ही लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत सणांविषयी आणि खाद्यपदार्थांविषयी प्रश्न असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक वाचकांना शाळेविषयी जाणून घ्यायचे आहे. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझगावमधील सर एली कदूरी शाळा ही मुळात ज्यूंची शाळा, असे ऐकत आलो आहे. ती कोणी काढली? मुंबईत मिशनऱ्यांच्या चांगल्या शाळा असताना एवढ्या लहान समाजाला स्वतःच्या शाळेची गरज का भासली? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ही शाळा १८७५ मध्ये ‘इस्रायलाइट स्कूल’ या नावाने सुरू झाली. तिच्या स्थापनेत हाईम सॅम्युएल केहिमकर हे प्रमुख होते. आपल्या समाजाचा पहिला सविस्तर इतिहास लिहिणारे ते हेच केहिमकर. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे छापला गेला. शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे अर्थसाहाय्य मिळत असे. बगदादमध्ये जन्मलेले आणि हाँगकाँग व शांघाय येथे व्यापारात नावारूपाला आलेले सर एली कदूरी यांनी दिलेल्या मोठ्या देणगीमुळे पुढे शाळेला त्यांचे नाव मिळाले.

गरज का भासली, हा आपल्या पत्रातील खरा प्रश्न आहे. कोकणातील बेने इस्रायली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मुलांची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर नसलेला मासा वर्ज्य मानण्याची रीत आणि प्रत्येक शुभाशुभ प्रसंगी म्हटली जाणारी ‘शेमा’ ही छोटी प्रार्थना एवढ्यावर त्यांचा धर्म घराघरांतून टिकला होता. हिब्रू ग्रंथ मात्र त्यांच्या हाती नव्हते आणि ते वाचू शकणारी माणसेही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशन आणि नंतर स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी या समाजाकडे लक्ष वळविले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. बायबलच्या जुन्या कराराची मराठी भाषांतरेही मिशनऱ्यांच्याच प्रयत्नांतून या समाजाच्या हाती आली. म्हणजे आपल्या पूर्वजांची भाषा आणि आपला धर्मग्रंथ या दोन्ही गोष्टी बेने इस्रायली मुले पाद्र्यांच्या शाळांत शिकली. त्या शाळांत या समाजातील काहीजण शिक्षक म्हणूनही काम करीत. धर्मांतर फारच थोड्यांनी केले, ही गोष्ट मिशनच्या दृष्टीने अपयशाची असली तरी समाजाला साक्षर करण्याचे श्रेय त्या शाळांना द्यावेच लागेल, आणि केहिमकरांच्या पिढीने ते मोकळेपणाने दिलेही.

तरीही जी शाळा मुलाला हिब्रू शिकविते आणि त्याच वेळी त्या ग्रंथाचा शेवट ख्रिस्तात होतो असे सांगते, तिच्यावर समाज कायमचा विसंबून राहू शकत नव्हता. दुसरीकडे, मुंबईत गोदी, रेल्वे, पलटण आणि सरकारी कचेऱ्या यांत नोकरी मिळवायची तर इंग्रजी हवीच होती. नव्या शाळेने हिब्रू, मराठी आणि इंग्रजी एका छपराखाली आणल्या. माझ्या मते या शाळेचे मोठेपण शनिवारच्या सुट्टीपेक्षा या तीन भाषांच्या जोडणीत अधिक आहे.

शाळेचा सर्वांत प्रसिद्ध काळ रिबेका रूबेन यांचा. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रिबेकाबाई १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. हा मान मिळविणारी ती पहिलीच मुलगी. पुढे इंग्लंडमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९२२ पासून १९५० पर्यंत या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. एवढी गुणवत्ता असलेल्या स्त्रीला त्या काळात एखादे संस्थान किंवा सरकारी खाते सहज मिळाले असते. तिने माझगावातील आपल्या समाजाची शाळा निवडली आणि अठ्ठावीस वर्षे सोडली नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ज्यू परंपरेत प्राथमिक शिक्षणाला फार जुने महत्त्व आहे असे वाचले. पहिली-दुसरीच्या मुलांना नेमके काय आणि कसे शिकवीत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण शिक्षिका आहात म्हणून ताल्मूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातील एका पानाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ‘बावा बात्रा’ या प्रकरणात सांगितले आहे की पूर्वी मुलाला शिकविणे हे बापाचे काम होते, त्यामुळे ज्याला बाप नाही तो अडाणी राहत असे. मग जेरुसलेममध्ये शिक्षक नेमले. पण तेथेही बाप असलेलीच मुले पोहोचू लागली. त्यानंतर प्रांतोप्रांती सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षक नेमले, तेव्हा असे दिसले की शिक्षक रागावला की हे वयात आलेले विद्यार्थी उठून निघून जातात. शेवटी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, प्रमुख याजक यहोशुआ बेन गमला याने प्रत्येक गावात शिक्षक असावा आणि मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला शाळेत घालावे असा नियम केला. एक योजना फसली, का फसली ते पाहिले, दुसरी केली, तीही बदलली, असा हा सगळा इतिहास एका परिच्छेदात नोंदलेला आहे. आपल्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकांत इतकी स्पष्ट नोंद क्वचितच सापडेल.

त्याच पानावर वर्गाचा आकारही ठरवून दिला आहे. एका शिक्षकामागे पंचवीस मुले. चाळीस झाली तर गावाच्या खर्चाने मदतनीस द्यावा. पन्नास झाली तर दुसरा शिक्षक नेमावा. मुलाला मारायचेच झाले तर जोड्याच्या बंदाने मारावे, त्याहून जड कशानेही नाही, अशी सूचना आहे. एखादे मूल वाचतच नसेल तर त्याला घालवून देऊ नये, वाचणाऱ्या मुलाशेजारी बसू द्यावे, सोबत तरी होईल, असे म्हटले आहे. एक वाद तर आजही शिक्षकांच्या खोलीत होऊ शकेल असा आहे : भराभर शिकविणारा पण चुकांकडे लक्ष न देणारा शिक्षक बरा, की सावकाश पण अचूक शिकविणारा? रावा नावाचा पंडित पहिल्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याच्या मते चुका आपोआप निघून जातात. नेहारदेआचा राव दीमी दुसऱ्याच्या बाजूने, कारण एकदा शिरलेली चूक निघत नाही. माझे मत राव दीमीच्या बाजूने आहे, आणि बहुधा आपलेही असेल.

आता अभ्यासक्रमाविषयी. हिब्रूत बावीस अक्षरे आहेत आणि ती सगळी व्यंजने. स्वर दाखविण्यासाठी अक्षरांच्या खाली-वर टिंबे आणि रेघा देतात. लहान मुले टिंबांसह वाचायला शिकतात. सिनेगॉगमधील (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातील) तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, गुंडाळीत मात्र टिंबे नसतात, म्हणजे मराठीतले काना, मात्रा आणि वेलांट्या पुसून टाकून कोणी आपल्याला मोठ्याने वाचायला सांगावे तसे ते असते, आणि त्यामुळे पाठांतर व सूर यांना तेथे फार महत्त्व आहे. अनेक ज्यू शाळांत पहिलीच्या मुलाला वाचता येऊ लागले की समारंभपूर्वक प्रार्थनेचे पुस्तक देतात, आणि त्यानंतरच्या इयत्तेत तोराचा अभ्यास सुरू होतो. दोन मुलांनी एकच उतारा समोर घेऊन एकमेकांना प्रश्न विचारत, वाद घालत शिकण्याची पद्धत मोठ्यांच्या धर्मपाठशाळांतून आली आहे. पण ती प्राथमिक वर्गांतही वापरतात, आणि अशा वर्गात गोंगाट असणे हे शिस्त बिघडल्याचे लक्षण मानले जात नाही.

प्रश्न : इंग्रजी आणि हिब्रू शिकता शिकता या मुलांची मराठी मागे पडली नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पडली असती, तर नवल नव्हते. त्याच काळात लंडनमध्ये ज्यूज फ्री स्कूल ही शाळा होती. १७३२ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी चार हजारांहून अधिक मुले शिकत होती आणि जगातील सर्वांत मोठ्या शाळांत तिची गणना होत असे. पूर्व युरोपातून पळून आलेल्या गरीब कुटुंबांची ही मुले घरी यिद्दिश, म्हणजे तिकडच्या ज्यूंची बोली, बोलत. दीर्घकाळ मुख्याध्यापक असलेले मोझेस एंजल आणि शाळेचे धनिक आश्रयदाते यांचा कटाक्ष असा की मुलांनी यिद्दिश टाकून द्यावी आणि लवकरात लवकर इंग्रज व्हावे. शाळेने मुलांना कपडे दिले, जेवण दिले, धर्म शिकविला. आईची भाषा मात्र दाराबाहेर ठेवली.

मुंबई-पुण्यात याच्या उलट घडले. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी मजकूर असलेली ‘हग्गादा’ सचित्र छापली गेली. इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या पेसाह सणाच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून वाचावयाचे हे पुस्तक आहे, आणि त्या रात्री पहिले प्रश्न घरातील सर्वांत लहान मूल विचारते. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईतील ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि त्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनाची परंपराही सुरू झाली. अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने मराठी छंदांत, टाळांच्या साथीने गायिली जाऊ लागली. शाळेत जे मूल हिब्रूत अडखळत वाचत होते त्याला त्याचा अर्थ संध्याकाळी मराठी कीर्तनातून ऐकता येत होता. शाळा आणि समाज यांचे काम असे एकमेकांना पूरक होते, आणि म्हणूनच इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यानंतरही या समाजाने ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

प्रश्न : आता मुंबईत ज्यू फार थोडे उरले आहेत. मग या शाळांत शिकते कोण? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : १९४८ नंतरच्या दोन-तीन दशकांत बेने इस्रायली समाजाचा बहुसंख्य भाग इस्रायलला गेला, आज भारतात सगळे मिळून सुमारे पाच हजार किंवा त्याहूनही कमी ज्यू आहेत. कदूरी शाळेतील आणि भायखळ्याच्या जेकब ससून शाळेतील बहुतेक विद्यार्थी आता ज्यू नाहीत. आसपासच्या वस्तीतील मुस्लीम मुलांची संख्या त्यांत मोठी आहे. या गोष्टीचे काहींना फार आश्चर्य वाटते. मला त्यात आश्चर्यापेक्षा मुंबईचे व्यवहारज्ञान दिसते, कारण इमारत होती, विश्वस्त निधी होता, शिक्षक होते आणि शेजारी शाळा हवी असलेली मुले होती. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. उरलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले शहरभर विखुरलेल्या निरनिराळ्या शाळांत जातात. त्यांचे धर्मशिक्षण सिनेगॉगमध्ये किंवा सुट्टीच्या दिवशी समाजाच्या केंद्रात होते.

प्रश्न : ज्यू शाळांच्या सुट्ट्यांच्या तारखा दरवर्षी का बदलतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याकडे दिवाळीची तारीख बदलते त्याच कारणाने. महिने चांद्र आहेत आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा ‘अदार’ हा महिना दुसऱ्यांदा धरतात. पेसाह वसंतातच आला पाहिजे असा दंडक आहे. शालेय वर्षाच्या दृष्टीने सर्वांत विस्कळीत काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा, कारण नववर्ष, प्रायश्चित्ताचा उपवास आणि मांडवांचा सण हे तिन्ही तीन-साडेतीन आठवड्यांत येतात. बेने इस्रायली घरांत या सणांपैकी नववर्षाला ‘नव्याचा सण’ म्हणत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या मुलीची शेजारची मैत्रीण ज्यू डे-स्कूलमध्ये दुसरीत आहे. तिच्या शाळेतील पुरिमच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलाविले आहे. रिकाम्या हाताने जाणे बरे वाटत नाही. घरी केलेल्या करंज्या नेल्या तर चालतील का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : करंज्या नेऊ नयेत. अशा शाळांत कोशर नियम, म्हणजे ज्यू धर्मातील खाण्यापिण्याचे नियम, पाळतात आणि प्रश्न केवळ मांसाचा नसतो. भांडी, तूप आणि भट्टी यांचाही विचार होतो, म्हणून शुद्ध शाकाहारी घरातील पदार्थही तेथे वाटता येत नाही. दुकानातील बंद पाकिटावर कोशर प्रमाणपत्राची खूण असेल तर ते चालते, आणि न चिरलेली फळे साधारणपणे सर्वत्र चालतात. अनेक प्राथमिक शाळांत शेंगदाणे व इतर सुकामेवा ॲलर्जीमुळे वर्ज्य असतो, तेही आधी विचारून घ्यावे.

पुरिमच्या सणाला मुले वेषांतर करून येतात. एस्तेर राणीची कथा वाचली जाते आणि त्या कथेतील दुष्ट प्रधान हामान याचे नाव आले की मुले खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते नाव ऐकू येणार नाही इतका गलका करतात, तेव्हा आपल्या मुलीला आधीच सांगून ठेवावे. तिने नऊवारी नेसून जायला हरकत नाही. त्या दिवशी किमान दोन खाद्यपदार्थ एका तरी व्यक्तीला भेट पाठविण्याची आणि गरिबांना दान देण्याची रीत आहे. वर्गात बहुधा दानपेटी असेल. मुलीच्या हाताने तीत काही नाणी टाकल्यास यजमानांना ते मिठाईपेक्षा अधिक आवडेल.