तिसऱ्यांदा नीट, पण कुणासाठी?

(वडिलांच्या पत्राचा सारांश: मुलगी एकोणीस वर्षांची. नीटचे दोन प्रयत्न झाले, दोन्ही वेळा जागा थोडक्यात हुकली. प्रयोगशाळेत त्वचा आणि कूर्चा (कानाला, नाकाला आकार देणारी लवचीक ऊती) वाढवण्याच्या विषयाचं, म्हणजे टिश्यू इंजिनिअरिंगचं, तिला वेड आहे. त्यावर तिने वहीभर टिपणं काढली आहेत. वडिलांच्या मते या क्षेत्रात किंमत प्लास्टिक सर्जनलाच असते, संशोधक त्याच्या हाताखाली काम करतो, म्हणून तिसरा प्रयत्न करायचा. वही आणि मोबाइल परीक्षेपर्यंत कपाटात ठेवले आहेत. रक्त बघून मुलीला भोवळ येते, ‘पण सवय होईल’. विचारलं आहे ते एवढंच: क्लास बदलावा का?)

क्लासचं राहू द्या. दोन पानांच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ हे तीनदा आलंय. तिने काय ठरवलं, ते एकदाही नाही. तिचं म्हणून जे काही पत्रात आहे ते एवढंच, की तिला भोवळ येते आणि तिने एक वही भरली आहे. त्यातली वही तुम्ही कुलपात ठेवलीत.

तिच्या मार्कांनी मला काळजी वाटली नाही. वहीने वाटली. कुणी सांगितलं नसताना, परीक्षेत एक मार्कही मिळणार नसताना एखादी मुलगी एकाच विषयावर महिनोन्‌महिने टिपणं काढते, ही ओढ कुठल्याही क्लासमध्ये लावून मिळत नाही. ती वही काढून घेतली की तिला कळतं ते एवढंच, की तिला जे आवडतं तो अभ्यास नव्हे. दोन अपयशं पचवून बसलेल्या मुलीला हे ऐकवायची ही वेळ नाही. मोबाइलचं तुम्ही बघा. वही मात्र आजच्या आज परत करा, आणि ‘उगाच काढून घेतली’ असं तोंडाने म्हणा.

भोवळीबद्दल तुमचं बरोबर आहे. सवय होते. पहिल्यांदा ऑपरेशन बघताना घेरी आलेले कितीतरी विद्यार्थी पुढे चांगले सर्जन होतात. तेव्हा तिला सर्जन व्हायचंच असेल, तर भोवळ हे नको म्हणायचं कारण नाही. पण तिला ते व्हायचं आहे का, हे तुम्ही विचारलेलंच नाही.

आता ‘संशोधक म्हणजे सर्जनच्या हाताखालचा माणूस’ या तुमच्या वाक्याकडे येतो. ते चुकीचं आहे, आणि तिसऱ्या प्रयत्नाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. खोल भाजलेल्या जखमेवर कृत्रिम अंतस्त्वचा (त्वचेचा आतला थर) म्हणून जे आवरण वापरतात, ते जॉन बर्क हे सर्जन आणि योआनिस यानास हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले पॉलिमरचे अभ्यासक या दोघांनी मिळून घडवलं. 1981 मध्ये त्यांनी रुग्णांवरचे निकाल प्रसिद्ध केले. गायीच्या कोलॅजनची (एका तंतुमय प्रथिनाची) आणि शार्कच्या कूर्चेतल्या एका घटकाची सच्छिद्र जाळी, वर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. दोनतीन आठवड्यांत जाळीत रक्तवाहिन्या शिरतात. मग सिलिकॉन सोलून काढायचं आणि त्या जागी रुग्णाचीच अगदी पातळ त्वचा लावायची. जाळीची छिद्रं किती मोठी ठेवायची आणि ती किती दिवसांत विरघळली पाहिजे, हे पॉलिमरच्या अभ्यासकाचं डोकं लावूनच ठरलं. 1993 साली टिश्यू इंजिनिअरिंगची ओळख जगाला करून देणारा लेख लिहिणारे दोघेही असेच होते: रॉबर्ट लँगर केमिकल इंजिनिअर, जोसेफ व्हॅकांटी सर्जन. माणसाच्या त्वचेच्या पेशी भरपूर प्रमाणात वाढवायची पद्धत 1975 मध्ये हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेतून आली. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव जेम्स राइनवाल्ड यांचं आहे, आणि ते तेव्हा विद्यार्थी होते. यात कोण कुणाच्या हाताखाली होतं?

मुलीने पाठीवर कान उगवलेल्या उंदराचा फोटो पाहिला, तिथून हे सगळं सुरू झालं असं तुम्ही लिहिता. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कानाच्या आकाराचा विरघळणारा सांगाडा होता आणि त्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी. सांगाड्याच्या कामात लिंडा ग्रिफिथ या केमिकल इंजिनिअर होत्या. हे नाव तिच्या वहीत असेलच, नसेल तर तिला सांगा. त्या कानाला ऐकू येत नव्हतं. ती फक्त कूर्चा होती, आणि उंदीर प्रतिकारशक्ती अगदी कमी असलेल्या जातीचा होता. ‘दहा वर्षांत कान प्रिंटरमधून निघतील, बसवायला सर्जनच लागणार’ हा तुमचा हिशोब म्हणून कच्चा आहे. जन्मतः कान नसलेल्या मुलाचा कान आजही बहुतेक ठिकाणी त्याच्याच बरगडीची कूर्चा कोरून करतात. प्रयोगशाळेतली कूर्चा मऊ असते. तिच्यावर त्वचा ताणून बसवली की दाबाने कानाचे उंचवटे बसत जातात. सांगाडा लवकर विरघळला तर आकारच जातो. बशीत पसरून वाढवलेल्या पेशी काही पिढ्यांनी कूर्चा तयार करायचंच विसरतात. चीनमधल्या संशोधकांनी पाच मुलांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेले कान बसवले आणि 2018 मध्ये त्याचे निकाल दिले. तिथे आकार टिकावा म्हणून आत हळू विरघळणारा गाभा ठेवावा लागला. म्हणजे अडलंय ते बसवण्यापाशी नाही, वाढवण्यापाशी. तुमची मुलगी नेमकी तिथेच घुटमळतेय.

दोन्ही कामं जवळून कशी दिसतात, ते सांगतो. तिलाही वाचून दाखवा.

सर्जनचं काम: मांडीच्या किंवा हाताच्या त्वचेमांसाचा तुकडा रक्तवाहिनीसकट काढून जबड्यावर लावायचा. जोडायची वाहिनी एकदोन मिलिमीटरची, टाक्याचा दोरा केसाहून बारीक, नजर सूक्ष्मदर्शकात. एका जोडाला आठदहा टाके लागतात. एक जरी टाका पलीकडच्या भिंतीत अडकला तरी वाहिनी बुजते. ऑपरेशन आठदहा तास चालतं आणि खरी रात्र त्यानंतर सुरू होते, कारण पहिला दिवसभर दर तासाला तो तुकडा बघावा लागतो. निळसर पडला, फुगला, सुई टोचल्यावर काळसर रक्त भराभर आलं, तर शीर तुंबली. पांढरा, गार पडला आणि रक्तच आलं नाही, तर धमनी बंद. लवकर लक्षात आलं तर परत टेबलावर घेऊन वाचवता येतो, सकाळपर्यंत थांबलं तर हातचा जातो. या क्षेत्रात हातांइतकीच रात्री दोन वाजता उठून बघायची चिकाटी लागते.

संशोधकाचं काम: टपाल तिकिटाएवढी त्वचा घ्यायची, पेशी सुट्या करायच्या, 37 अंश आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवायच्या. दर दोनतीन दिवसांनी पोषकद्रव बदलायचं, मग रविवार असो की सण. पेशींचे पुंजके एकमेकांना भिडायच्या आत नव्या बशीत हलवायचे. उशीर झाला तर पेशी प्रौढ होतात आणि वाढायच्या थांबतात. तीनेक आठवड्यांनी काही पेशींच्या जाडीचा पापुद्रा मिळतो. बशीतून सोडवताच तो आक्रसतो, आणि जखमेवर खालची बाजू खालीच गेली पाहिजे. त्याच्याखाली अंतस्त्वचा नसली तर साध्या घासण्यानेही फोड येतात. जंतू शिरले तर तीन आठवडे वाया. त्यातला मायकोप्लाझ्मा साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतही नाही, त्याची वेगळी तपासणी नेमाने करावी लागते. पैसा या वाटेवर उशिरा येतो, पीएचडीनंतरही काही वर्षं स्थिर जागा मिळेलच असं नाही. हे तिच्यापासून लपवू नका.

मार्ग तुम्हाला माहीत आहेत. तिकडे एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, मग प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच तीन. इकडे बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग, नाहीतर बीएस्सी, एमएस्सी आणि मग पीएचडी. बारावीला गणित होतं का, हे पत्रात नाही. इंजिनिअरिंगच्या बऱ्याच जागांना ते लागतं. नसेल तर बीएस्सीची वाट धरायची, पण गणित आणि संख्याशास्त्र पुढे भरून काढावंच लागेल, त्यावाचून या विषयात निभाव नाही.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिला स्वतःला सर्जन व्हायचं असेल आणि गेल्या वेळी नेमकं कुठे चुकलं हे ती स्वतः सांगू शकत असेल, तर द्यावा. यातलं एक जरी नसेल तर देऊ नये, क्लास कुठलाही असो.

ठरवण्याआधी एक रविवार तिच्याबरोबर घालवा. अगर-अगर पाण्यात उकळा, त्यात फेनॉल्फ्थॅलीनचे (अल्कलीत गुलाबी आणि आम्लात रंगहीन होणाऱ्या द्रव्याचे) थेंब आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घाला, गुलाबी होईल. थिजल्यावर एक, दोन आणि तीन सेंटीमीटरचे ठोकळे कापा आणि व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दहा मिनिटांनी काढून मधोमध चिरा. रंग कडेने सारख्याच खोलीपर्यंत उडालेला असेल, आणि ठोकळा जितका मोठा तितका आत गुलाबी भाग जास्त. शरीरातली बहुतेक प्रत्येक पेशी केशवाहिनीपासून (सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपासून) एकदोन दशांश मिलिमीटरच्या आत असते. जाड ऊती वाढवली की मधल्या पेशींपर्यंत असाच प्राणवायू आणि पोषण पोचत नाही आणि त्या मरतात. म्हणूनच पातळ त्वचा जमली आणि यकृत अडलं.

ठोकळा चिरल्यावर तुम्ही काही बोलू नका, तिला बोलू द्या. पुढचं पत्र तिने लिहावं. उत्तरही मी तिलाच देईन.