ब्रिटनच्या निवडणुकीत उमेदवार भारतीय मतदारांच्या इतके मागे का लागतात? त्याने मतं खरंच फिरतात का?

तुम्ही विचारलंय की 2024 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे ऋषी सुनक आणि मजूर पक्षाचे कीर स्टार्मर दोघंही मतदानाला आठवडा उरलेला असताना मंदिरांत का जाऊन आले आणि अशा भेटींचा उपयोग होतो का. तुम्ही लेस्टरला शिकायला येणार आहात, असंही लिहिलंय. मी लंडनच्या हॅरो भागात राहतो. 2021 च्या जनगणनेत इथल्या जवळपास 26 टक्के लोकांनी धर्म हिंदू असा नोंदवलाय. त्यामुळे निवडणूक आली की हा सगळा सोहळा आमच्या दारातच चालतो.

माझं मत असं की मंदिरात जाऊन आल्याने थेट मतं फारशी मिळत नाहीत. मिळतात ती प्रचाराला फुकट राबणारी माणसं, आणि इथे त्यांना फार किंमत आहे. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांपर्यंत खर्च करता येतो. इथे 2024 मध्ये प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात ही मर्यादा रुपयांत जेमतेम 18-20 लाख भरत होती. टीव्हीवर राजकीय जाहिरातींना बंदी आहे, भोंगे लावून फिरणाऱ्या गाड्या जवळपास नाहीतच. सरकारी खर्चाने प्रत्येक मतदाराला एक पत्रक टपालाने जातं, बाकी सगळं पायी. हातात नावांची यादी घेऊन दार वाजवायचं, 'तुमचं मत कुणाला?' असं विचारायचं आणि यादीत खूण करायची. त्यासाठी शनिवारी सकाळी पावसात वीस-पंचवीस माणसं लागतात. ती कुठून आणणार? ज्या संस्थेकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, हॉल आणि उत्साही काका-काकू आहेत, तिथूनच.

मे महिन्यातल्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, निवडणुकीआधी आमच्या भागातल्या एका छोट्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. पाठोपाठ तीन उमेदवार आले. एकाने 'गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य रोमन अक्षरांत फोनवर लिहून आणलं होतं. बूट काढून, मोज्यांवर उभं राहून त्याने ते नीट वाचलंही. श्रीखंड-पुरी खाल्ली, शाल घेतली आणि मुलांचा नाच सुरू व्हायच्या आत निघून गेला. पार्किंगबद्दल एका बाईंनी प्रश्न विचारला, त्याला 'बघतो' इतकंच उत्तर मिळालं. आठवडाभराने मंडळाच्या सेक्रेटरींना पक्षाच्या ऑफिसातून फोन: शनिवारी पत्रकं वाटायला तुमच्याकडून किती जण येतील?

मंदिरं आणि मंडळं इथे बहुतेक धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात. अमुक पक्षाला मत द्या, असं त्यांना सांगता येत नाही. म्हणून उमेदवार 'दर्शनाला' येतो, विश्वस्त 'पाहुणा' म्हणून हार घालतात आणि फोटो दोघांच्याही कामाला येतो.

दारावर येणाऱ्यांकडे मतदारयादी असते, त्यामुळे तुम्ही कोण हे आडनावावरूनच ठरतं. मला दर निवडणुकीत कुणीतरी 'केम छो' म्हणतंच. हॅरोत भारतीय म्हणजे बहुतेक गुजराती, त्यातही पूर्व आफ्रिकेतून आलेले, त्यामुळे मी रागावत नाही. पण हाच आडनावांचा खेळ 2016 मध्ये लंडनच्या महापौरपदाच्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या अंगाशी आला. झॅक गोल्डस्मिथ यांच्या प्रचाराने भारतीय वंशाच्या मतदारांना खास पत्रं पाठवली आणि मजूर पक्षाचे सादिक खान निवडून आले तर घरातल्या दागिन्यांवर कर बसेल, अशी भीती घातली. मुळात महापौराला असा कर लावण्याचा अधिकारच नाही. खान आरामात जिंकले. सोन्याचं नाव काढलं की आपली माणसं धास्तावतील, हा हिशेब ज्याने मांडला त्याला मंगळसूत्र तेवढं ठाऊक असावं, त्यापलीकडे काही नाही.

मग काहीच उपयोग होत नाही का? होतो, पण एका दिवसाच्या भेटीने नाही. आमच्या शेजारच्या हॅरो ईस्टचे हुजूर पक्षाचे बॉब ब्लॅकमन 2010 पासून खासदार आहेत. 2017 मध्ये ते जेमतेम 1,757 मतांनी वाचले. 2024 मध्ये त्यांचा पक्ष देशभर भुईसपाट होऊन 121 जागांवर आला, आणि हे मात्र निम्म्याहून जास्त मतं घेऊन, अकरा हजारांवर मताधिक्याने आले. भारत सरकारने 2020 मध्ये त्यांना पद्मश्री दिली, यावरून त्यांचं नातं किती जुनं आहे ते कळेल. एरवीच्या वर्षांतही हा माणूस कार्यक्रमांना दिसतो.

मतं फिरण्याचं दुसरं कारण म्हणजे समोरच्याने केलेली चूक. सप्टेंबर 2019 मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर ठराव झाला, तो भारताच्या विरोधात आहे असं इथल्या अनेक भारतीयांना वाटलं, आणि आमच्या फोनवर संदेशांचा पाऊस सुरू झाला. परदेशातल्या भाजप समर्थकांच्या संघटनेने इथल्या 48 अटीतटीच्या मतदारसंघांत हुजूर पक्षासाठी काम करत असल्याचं उघड सांगितलं. शेवटी मजूर पक्षाला पत्र काढून सारवासारव करावी लागली.

आणि याची उलटी बाजू बघा. 2021 मध्ये यॉर्कशरमध्ये बॅटली अँड स्पेनची पोटनिवडणूक होती. तिथल्या मुस्लिम मतदारांसाठी मजूर पक्षाने बोरिस जॉन्सन मोदींशी हात मिळवताहेत असा फोटो पत्रकावर छापला. हॅरोत जो फोटो मतं मागायला चालतो, तोच तिथे भीती घालायला. मजूर पक्ष 323 मतांनी जिंकला. गंमत म्हणजे बॅटलीच्या मुस्लिमांत मूळचे गुजरातचे लोकही बरेच आहेत. मग ते 'भारतीय मतदार' नाहीत का?

तुम्ही जिथे येणार त्या लेस्टरमध्ये तर 2024 मध्ये दोन्ही टोकं एका शहरात दिसली. लेस्टर ईस्ट ही त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने हिसकावून घेतलेली देशातली एकमेव जागा. तिथे शिवानी राजा 4,426 मतांनी आल्या. याचं श्रेय हिंदू मतांना देणारे लेख बरेच आले. पण मजूर पक्षाच्या दोन माजी खासदारांनी, क्लॉडिया वेब आणि कीथ वाझ यांनी, वेगळं उभं राहून मिळून नऊ हजारांवर मतं खाल्ली, हे त्यांत कुठेतरी तळाशी असायचं. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये गाझाच्या प्रश्नावर चिडलेल्या मतदारांनी मजूर पक्षाचे मोठे नेते जोनाथन अ‍ॅशवर्थ यांना 979 मतांनी पाडलं आणि अपक्ष शौकत अ‍ॅडम यांना निवडून दिलं. वर्षानुवर्षं आपली म्हणून धरलेली मतं अशी जातात.

मला खुपतं ते वेगळंच. उमेदवार 'समाजाला' भेटतो म्हणजे समाजाच्या वतीने बोलणाऱ्या चार जणांना भेटतो. इथल्या समानता कायद्यात जातीवरून होणाऱ्या भेदभावाचा स्पष्ट उल्लेख करा, असं संसदेने 2013 मध्ये सरकारवर बंधनच घातलं होतं. मोठ्या हिंदू संघटनांचा त्याला कडाडून विरोध. ब्लॅकमन त्यांच्या बाजूने ठाम उभे राहिले. 2018 मध्ये सरकारने जाहीर केलं की वेगळी तरतूद नको, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. आता संत रविदासांना मानणारी रविदासी मंडळी, इथले आंबेडकरी मराठी लोक, ज्यांना हा कायदा हवा होता, तेही भारतीयच ना? लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं, तिथे हार घालायला सगळे पुढारी जातात. पण प्रचारात 'आम्ही तुमचं ऐकलं' असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांत हे लोक नव्हते.

व्हिसाचंही तेच. 2024 मध्ये काही हिंदू संघटनांनी उमेदवारांपुढे मागण्यांचा जाहीरनामा ठेवला. त्यात पुजाऱ्यांना आणि वृद्ध आई-वडिलांना इथे आणणं सोपं करा, हेही होतं. स्टार्मर यांनी किंग्जबरीच्या स्वामीनारायण मंदिरात हिंदूद्वेषाला थारा देणार नाही असं सांगितलं. सुनक अक्षता मूर्तींसोबत नीसडनच्या मंदिरात गेले. पण आई-वडिलांना आणण्याचे नियम 2012 मध्ये आवळले ते त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाखालच्या सरकारने. आणि सुनक पंतप्रधान असतानाच, जानेवारी 2024 पासून, बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणायला बंदी आली. यावर फार ओरड झाली नाही, कारण पन्नास वर्षांपूर्वी युगांडातून आलेल्या कुटुंबाला त्याचं सोयरसुतक नाही. नव्याने आलेला आयटीवाला चडफडतो, पण तो मतदारयादीत नावच घालत नाही.

म्हणून तुमच्यासाठी कामाची गोष्ट. राष्ट्रकुल देशाचे नागरिक असल्यामुळे, विद्यार्थी व्हिसावर असलात तरी, तुम्हाला इथे मत देता येतं, अगदी संसदेच्या निवडणुकीतही. आलात की कौन्सिलच्या यादीत ऑनलाइन नाव नोंदवा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. 2023 पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र मागतात, त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो. आधार कार्ड मात्र चालत नाही.